फाटकापाशी पक्षी साफ करू नयेत

टॉर्विक गावाच्या उत्तरेला लिओना हेपनरचं शेत आहे. त्या शेताच्या फाटकाशेजारची पाटी एल्डन टोलेफ्सनने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने आणि कुणीही न सांगता लावली होती. ओकची गोल फळी, तापल्या सळईने कोरलेली अक्षरं, वर दोन हात वॉर्निश. 'फाटकापाशी पक्षी साफ करू नयेत. पिसं, पाय, आतडी ज्याची त्याने घरी न्यावीत. आपण इथे पाहुणे आहोत.' शेवटच्या वाक्यावर एल्डनचा विशेष जीव होता. ते सुचायला त्याला अख्खा हिवाळा लागला होता. ते वाचून कुणी सुधारल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं, पण वाचून कुणी बिघडलंही नव्हतं, एवढं तो छातीठोकपणे सांगू शकत होता.

शेत लिओनाचं, पण मोसमापुरतं सगळ्यांचं. साउथ डकोटात असे बरेच जण करतात. सरकार भाडं देतं, शेतकरी फाटक उघडं ठेवतो, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारपासून ज्याच्या खिशात परवाना असेल त्याने फाटकाशी गाडी लावावी, पायी आत जावं आणि मिळाले तर फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचे नर मारावेत. फक्त नर. मादी मारली तर दंड. म्हणून साफ केलेल्या पक्ष्यालाही एक पंख किंवा डोकं लागून ठेवावं लागतं, म्हणजे वाटेत शिकारखात्याच्या माणसाने अडवलं तर त्याला पिसं बघून नर ओळखता येतो.

एल्डनसाठी हे शेत म्हणजे उरलंसुरलं एकच ठिकाण होतं. त्याचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी बदललेले. पर्ल ही त्याची लॅब्रेडॉर कुत्री एका कानाने बहिरी आणि दुसऱ्या कानाने हट्टी. बाकीची सरकारी रानं लांब, चढउताराची, दलदलीची. लिओनाचं शेत सपाट, घरापासून जवळ, आणि पाणकणसांच्या पट्ट्यात पर्लला अजूनही वास लागायचा. हे शेत बंद झालं तर बंदूक तेल लावून कपाटात ठेवायची आणि पर्लला खिडकीतून चिमण्या दाखवायच्या, एवढंच राहणार होतं. हे तो कुणापाशी बोलला नव्हता. टॉर्विकमध्ये माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात, त्यापलीकडे जात नाहीत.

त्याने आयुष्यभर गारपिटीचा विमा विकला होता. झोडपलेल्या पिकात उभं राहायचं, नुकसान डोळ्याखालून घालायचं आणि ते नुकसान नेमकं कंपनीच्या वाट्याला कसं येत नाही हे शेतकऱ्याला सौम्य शब्दांत समजावायचं, हे त्याचं काम. निवृत्तीनंतर हे कसब वाया जाऊ नये म्हणून तो दर ऑगस्टमध्ये नवशिक्या शिकाऱ्यांना वर्ग द्यायचा: बंदूक कशी धरावी, कुंपण कसं ओलांडावं, पक्षी कसा साफ करावा, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत कसं वागावं. तो डावखुरा होता, त्यामुळे सगळे जण उजवा पंख ठेवून डावा छाटत, तिथे तो उजवा छाटून डावा ठेवायचा. वर्गातली माणसं गोंधळायची. त्याचा मेहुणा रोली म्हणायचा, "दाजींचे पक्षी उलटीकडून उडतात."

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. टॉर्विकमध्ये जे काही महत्त्वाचं बोललं जातं ते त्या कॉफीवर, आणि अशा सुरात की परक्याला वाटावं, हवापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत.

"डीकनने आज परत पाहुणचार आणला," लिओना साखर ढवळत म्हणाली. डीकन म्हणजे तिचा कुत्रा. "फाटकापासून थेट पोर्चपर्यंत. पाय, पंख, आतलं जे काय असतं ते. सगळं खाल्लं, आणि मग बैठकीतल्या गालिच्यावर परत केलं. प्रामाणिक जनावर आहे. काही ठेवून घेत नाही."

"मागच्या रविवारीही होतं ना?" एल्डनच्या बायकोने, व्हर्नाने विचारलं.

"होतं. मागच्या वेळी निदान स्वयंपाकघरात परत केलं होतं. तिथे फरशी आहे."

कुणी हसलं नाही. एकदोघांनी मान हलवली, म्हणजे पोट धरून हसले असं समजायचं.

"उद्याच्या नाही, पुढच्या सोमवारी सरकारचा माणूस येतोय," लिओना म्हणाली. "पुढच्या तीन वर्षांच्या कराराच्या सहीला. माझा भाचा म्हणतो, मावशी, तिथे सूर्यफूल लावू. मी म्हटलं, बघू. सूर्यफूल काही माझ्या फाटकात आतडी टाकत नाही."

एल्डनच्या हातातला कप बशीवर वाजला. त्याने तो असा खाली ठेवला, जणू वाजवायचाच होता.

"लिओनाबाई, हे आपल्या लोकांचं काम नाही," तो म्हणाला. "आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. ज्याचं त्याने घरी न्यायचं."

"बाहेरचेच असणार," रोलीने तोंडात खोबऱ्याची वडी असतानाच दुजोरा दिला. "कोण कुठून येतं, काय करतं."

"शनिवारी मिनेसोटाची एक व्हॅन असते," एल्डन म्हणाला. "हिरवी. मी काही म्हणत नाही. फक्त असते, एवढंच."

व्हॅनमध्ये कोण असतं ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी पेट्रोलपंपावर ते आशियाई चेहरे पाहिले होते. टॉर्विकमध्ये माणसांना नावं ठेवायची पद्धत नाही. ती फार जुन्या वळणाची माणसं आहेत, ती फक्त नंबरप्लेटला नावं ठेवतात.

"शोधून काढ मग," लिओना म्हणाली. "सोमवारच्या आत. माझं काय, मला सूर्यफूलही आवडतं."

पुढच्या शनिवारी एल्डनला सकाळीच दोन नर मिळाले, त्यातला एक तर पर्लने आपणहून उठवला. तरीही तो घरी गेला नाही. पिकअप फाटकासमोर आडवी लावून, मांडीवर थर्मास घेऊन तो बसून राहिला. दुपारी हिरव्या व्हॅनची माणसं शेतातून बाहेर आली. साठीचा एक ठेंगणा माणूस आणि त्याची तिशीतली मुलगी, दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं, दोघांच्या पाठीवरच्या पिशव्या फुगलेल्या. त्यांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं, लाकडी पाट काढला, दोन बादल्या काढल्या, पाण्याचा कॅन काढला, आणि पाटीपासून हाताच्या अंतरावर बापाने सुरी परजायला सुरुवात केली.

निम्मे पक्षी साफ होईपर्यंत थांबून एल्डन उतरला. एवढ्या लवकर पुरावा हाती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. थोडा हिरमोडच झाला.

"नमस्कार. मी एल्डन टोलेफ्सन. ही पाटी माझी."

"बाबा, पाटीवाले आलेत," मुलगी वडिलांना म्हणाली, आणि एल्डनकडे वळून म्हणाली, "मी पाहुआ लोर. हे माझे वडील, चुए. आम्ही सेंट पॉलचे. अक्षर छान आहे हो तुमचं."

"त्यावर काय लिहिलंय, ते वाचलंत ना?"

"दर शनिवारी वाचतो. फाटकापाशी साफ करू नये." तिने पायाखाली बघितलं. "आम्ही व्हॅनमध्ये साफ करतोय. व्हॅन फाटकापाशी उभी आहे, ते खरं."

"मुद्दा तो नाही. मुद्दा मागे काय राहतं हा आहे."

"मागे?" चुए पहिल्यांदाच बोलला. तो सावकाश, शब्द निवडून बोलायचा. "मागे काय राहील?"

एल्डनने बादल्यांत डोकावून पाहिलं. एकीत एकेक पंख ठेवलेलं मांस. दुसरीत कलेजी, पेठा, हृदयं, नीट धुतलेले पाय आणि डोकीसुद्धा. बाजूला एका छोट्या पिशवीत पिसं आणि आतडी, पिशवीच्या तोंडाला गाठ. जमिनीवर रक्ताचे दोन थेंब पडले होते, त्यावर चुएने पाणी ओतलं.

"डोकीही नेता?"

"सूपला," पाहुआ म्हणाली. "आजी चौकशी करते. कमी आणली तर मोजून दाखवते."

आता खरं तर एल्डनने निघायला हवं होतं. पण त्याने सकाळपासून मनाशी घोळवलेलं भाषण तयार होतं, आणि तयार झालेलं भाषण काही परत ठेवता येत नाही. त्याने ते दिलं. दुसऱ्याची जमीन, शेतकऱ्याचा विश्वास, एका माणसाच्या निष्काळजीपणाने सगळ्यांचं फाटक कसं बंद होतं. बापलेकींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाहुआ नर्स होती. ज्यांचं काही दुखत नाही अशा पेशंटचं ऐकून घ्यायची तिला सवय होती.

"कसं करायचं ते दाखवतो," एल्डन शेवटी म्हणाला, आणि स्वतःचे दोन नर घेऊन त्याने ऑगस्टचा वर्ग तिथेच भरवला. आपण फाटकापाशीच पक्षी साफ करतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. शिकवणं म्हणजे साफ करणं नव्हे, असं त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. उजवा पंख खांद्यापासून छाटला, पाय छाटले, कातडं पिसांसकट ओढलं, आतलं सगळं एका झटक्यात बाहेर काढलं, आणि डावा पंख लागलेली दोन गुलाबी धुडं बर्फाच्या पेटीत ठेवली. हात अजूनही सफाईदार होता.

"डावखुरे आहात," चुए म्हणाला.

"जन्मापासून."

"हे टाकणार?" चुएने सुरीच्या टोकाने हृदय, कलेजी आणि पेठा दाखवला.

"हे कुणी खात नाही."

"कुणीच?" चुएने स्वतःच्या बादलीकडे बघितलं. मग म्हणाला, "मला द्याल? पायही."

एल्डन क्षणभर अडखळला. देऊन टाकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण नियम डोक्यावरच टांगलेला होता, आणि तो त्याने स्वतः कोरलेला.

"ज्याचं त्याने घरी न्यावं," तो म्हणाला. त्याने सगळं पेंडीच्या पोत्यात भरलं, दोरीने तोंड बांधलं आणि त्यांना नीट दिसेल अशा बेताने पिकअपमध्ये ठेवलं. "एवढंच असतं. अवघड काही नाही."

"शिकलो," पाहुआ म्हणाली.

घरी येऊन त्याने पोतं गॅरेजमध्ये दारामागे ठेवलं, नेहमीच्या जागी, आणि हात धुऊन तो आडवा झाला. घर आलं की त्याच्या नियमांची हद्द संपायची. पोतं संध्याकाळपर्यंत दिसेनासं होई आणि एकदोन दिवसांनी रिकामं, झटकून, घडी घालून खिळ्याला लटकलेलं सापडे. जेवणाच्या टेबलावरून गेलेली उष्टी ताटली कपाटात चकचकीत होऊन बसलेली सापडते, त्यातलाच हा प्रकार. मधे काय घडतं याची चौकशी त्याने लग्न झाल्यापासून कधी केली नव्हती. चांगल्या चाललेल्या गोष्टीत नाक खुपसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी प्रार्थना संपली, पण लिओना कॉफीला थांबली नाही. "आजचा माल ताजा आहे," दारातून बाहेर पडता पडता ती म्हणाली. "मी डीकनला बांधून ठेवलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी या."

एल्डन, व्हर्ना आणि रोली एकाच पिकअपमधून तिच्या मागोमाग निघाले. व्हर्ना गाडीतच बसली. तिच्या पायात चर्चचे बूट होते. फाटकापाशी हिरवी व्हॅन उभीच होती. बाप आणि लेक नुकतेच शेतातून बाहेर पडून पाणी पीत होते.

ढीग रस्त्याकडेच्या चरात होता, बरोबर पाटीच्या खाली. 'आपण इथे पाहुणे आहोत' या ओळीवर एक निळी माशी बसली होती.

एल्डनने टोपी मागे सरकवली, काठी घेतली आणि चराच्या कडेला उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या पाठीचा कणा असा ताठ झाला होता. झोडपलेल्या मक्यात तो असाच उभा राहायचा.

"नुकसान स्वतःच बोलतं," तो म्हणाला. "फक्त ऐकणारा पाहिजे."

"ऐकतोय," लिओना म्हणाली.

त्याने काठीने ढीग उसवला. "पाय टाकलेत बघा. चारही. हृदयं टाकलीत. कलेजी, पेठा, सगळं..." बोलता बोलता त्याचा आवाज उतरत गेला. दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं कानावर पडावं तसं त्याला स्वतःचं ऐकू येत होतं.

"बाप रे," व्हॅनपाशी उभी असलेली पाहुआ हळूच म्हणाली. "पाय टाकले? पेठासुद्धा? कोण असेल असलं उधळं?"

एल्डनने तिच्याकडे बघायचं टाळलं. काठीने त्याने एक पंख बाहेर ओढून गवतावर ठेवला. मग दुसरा. मग चरात वाकून मागच्या आठवड्यांचे, डीकनच्या नजरेतून सुटलेले, वाळून कडक झालेले. सगळे त्याने ओळीने मांडले. मग पुन्हा वाकला, आणि गवत हाताने बाजूला सारत राहिला. नवे गुडघे करकरत होते. चुए लोर येऊन त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि काही न विचारता तोही शोधू लागला.

"डावा नाही," थोड्या वेळाने चुए म्हणाला. "एकही नाही. सगळे उजवे."

टॉर्विकमध्ये शांततेचे बरेच प्रकार आहेत. अंत्यविधीला एक असते, भाव पडल्यावर एक असते, आणि शेजाऱ्याचा मुलगा शहरातून कानात बाळी घालून येतो तेव्हाची एक. ही त्यांतली नव्हती. रोली आकाशाकडे बघत होता. आकाशात काही नव्हतं, पण तो ते फार लक्ष देऊन बघत होता.

पिकअपची काच खाली आली.

"रोली," व्हर्ना म्हणाली.

"हं."

"शनिवारी दुपारी मी तुला गॅरेजमधून पोतं देते. ते तू कुठे रिकामं करतोस?"

"कचरा डेपोवर."

"डेपो शनिवारी बाराला बंद होतो."

"म्हणूनच तर," रोली म्हणाला. "म्हणजे, डेपोवर न्यायचं असंच माझ्या मनात असतं."

"डेपो गावाच्या दक्षिणेला आहे. हे उत्तरेला."

"मग काय घरी नेऊ? माझ्याकडे मांजरं आहेत, व्हर्ना. इथे कसं, मुळात पक्ष्यांचीच जागा. रात्री कोल्हे येतात, आवरून नेतात. निसर्गाचं निसर्गाला." तो पाटीकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुखावल्यासारखं काहीतरी आलं. "आणि मी पाटी वाचली होती. साफ करू नये असं लिहिलंय. मी इथे काहीही साफ केलं नाही. दाजींनी साफ केलेलंच टाकलं. आणि पोतं झटकून परत आणून टांगलं, दर वेळी."

लिओनाने एल्डनकडे बघितलं. ती वाट बघत होती. एल्डनला ती नजर ओळखीची होती. विमा उतरवलेले शेतकरी शेताच्या बांधावर उभे राहून त्याच्याकडे असेच बघायचे: आता हा कुठलं कलम काढतो ते बघू. आणि कलम होतंच. हात रोलीचा, गाडी रोलीची, चरात पोतं उलटं केलं ते रोलीने. असा दावा त्याने डोळे मिटून फेटाळला असता. तोंडही उघडलं त्याने.

"रोलीने..." तो म्हणाला, आणि थांबला. ओळीने मांडलेल्या पंखांकडे त्याची नजर गेली. कापलेली जागा प्रत्येकाची सारखी होती, स्वच्छ, तिरकी, एका झटक्यात. दर ऑगस्टला तो तीच दाखवायचा.

"माझं आहे," तो म्हणाला.

"ते दिसतंय," लिओना म्हणाली.

"मी दर वेळी घरी नेत होतो, लिओनाबाई."

"नेत होतास," व्हर्ना गाडीतून म्हणाली. "तेवढं मात्र खरं. घरापर्यंत फार शिस्तीत आणायचास. मग ते माझं व्हायचं. मोसमाच्या सुरुवातीला माश्या, थंडीत कचरा उपसणारे रॅकून, आणि कचऱ्याची गाडी गुरुवारी. माझ्या घरातून ते कुठे जातं, हे तू एकदा तरी विचारशील अशी मला आशा होती. नंतर सोडून दिली."

एल्डन व्हॅनकडे वळला. टोपी त्याने कधीच काढून हातात घेतली होती. "काल मी तुम्हाला..."

"काल तुम्ही आम्हाला शिकवलंत," पाहुआ म्हणाली.

"मी लोकांना तुमच्या गाडीबद्दल बोललो. चर्चमध्ये."

"माहीत आहे. पेट्रोलपंपावरच्या बाईंनी सांगितलं. फार गोड बाई आहेत, सुट्टे परत देताना सांगितलं." ती जराही हसली नाही. मग चुए त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि तिला हसू आलं. "बाबा म्हणतायत, काल मागितलं तेव्हा दिलं असतंत तर ढीग अर्धा झाला असता."

एल्डनने पिकअपमधून फावडं काढलं. रोलीला उत्तर सुचलं होतं, पण व्हर्नाने काच वर केली तशी त्याने ते गिळलं.

"सहीचं काय करणार, लिओनाबाई?" एल्डनने विचारलं. ढीग त्याने स्वतः फावड्याने भरला होता, पाटीखालचं गवत विंचरल्यासारखं साफ केलं होतं, आणि आता तो पोतं हातात धरून उभा होता.

"माणूस उद्या येतोय," लिओना म्हणाली. "त्याला सांगेन. तुला कशाला सांगू? तू पाहुणा ना."

सोमवारी दुपारपर्यंत एल्डनने दोनदा बंदुकीला तेल लावलं. दुसऱ्यांदा लावताना ती कपाटात ठेवण्यासाठीच लावतोय असं त्याला वाटून गेलं. पर्ल त्याच्या पायाशी बसून नळीचा वास घेत होती आणि शेपटीने जमीन झोडपत होती. तिला सूर्यफूल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शेवटी त्याला राहवेना. कुत्रीला शेजारी बसवून त्याने पिकअप उत्तरेला वळवली.

लांबूनच दिसलं, खांबावर पाटी नव्हती. नुसते दोन खिळे.

त्याने गाडी थांबवली आणि बराच वेळ इंजिन चालूच ठेवलं. पर्लने काचेला नाक लावून पाणकणसांकडे बघत कुईं केलं. मग कुंपणाच्या आतून लिओना हातात हातोडी घेऊन येताना दिसली, तेव्हा त्याला उतरावंच लागलं.

खांबाच्या पायथ्याशी निळं प्लॅस्टिकचं पिंप ठेवलं होतं, साखळीने बांधलेलं. पिंपावर झाकण म्हणून ओकची गोल फळी, अक्षरं वर, आणि फळीवर डीकनला ढकलता येणार नाही एवढा धोंडा.

"चपखल बसली," लिओना म्हणाली. "जणू मापानेच केली होतीस. लाकूड चांगलं आहे. दोन हात वॉर्निश?"

"दोन." त्याने धोंडा जरा सरळ केला. "सही..."

"केली. तीन वर्षं. भाचा रागावलाय, पण त्याचं सूर्यफूल कुठेही उगवेल." तिने हातोडी बगलेत धरली. "लोक साफ करणारच, एल्डन. त्यांना घरी न्या म्हणून सांगण्यात अर्थ नाही. घरी काय होतं, ते तू बघितलंस. इथे करू देत, यात टाकू देत. पिंप माझं. आत जे पडेल ते तुझं. मोसम संपेपर्यंत, आणि पुढचेही दोन मोसम."

"सगळ्यांचं?"

"ज्याचं त्याने न्यावं, ते तू लिहिलंस. मी फक्त ते कुणाचं, एवढं ठरवलं."

त्यानंतरच्या शनिवारी एल्डन टोलेफ्सन घडीच्या खुर्चीवर पिंपाशेजारी बसला होता. सू फॉल्सचे शिकारी आले, ॲबर्डीनचे आले. प्रत्येकाने धोंडा उचलला, फळी वाचली, आत आतडी टाकली, आणि एकाने त्याला विचारलं, "आजोबा, सरकार किती देतं हो या कामाचं?" एल्डनने सांगितलं की हे आपण स्वतःहून करतो, आणि ते त्या माणसाला अजिबात पटलं नाही.

हिरवी व्हॅन दुपारी आली. लोरांकडून पिंपात फक्त एक पिशवी पडली, तीही गाठ मारलेली. एल्डनने आपल्या सकाळच्या नराचे पाय, हृदय, कलेजी आणि पेठा आधीच एका डब्यात काढून ठेवले होते. तो त्याने चुएच्या हातात दिला.

"धुतलेलं नाही," तो म्हणाला. "ते मला अजून येत नाही."

चुएने डबा उघडून नीट बघितला. मग आपल्याकडची एक छोटी बाटली दिली, आत लाल मिरचीची चटणी. "पुढच्या वेळी तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. "याच्याबरोबर खा. आधी थोडीच घ्या."

"आमच्याकडे लोक मिरीसुद्धा जपून घालतात."

"बातमी आहे तशी," पाहुआ म्हणाली. "पंपावरच्या बाईंनी सांगितलं."

पिंप भरायला तीन वाजले. डेपो बाराला बंद झाला होता, पण पक्षी मारायला सुरुवातच मुळी दहाला होते, हे पिंप ठेवताना कुणी लक्षात घेतलं नव्हतं. निदान लिओनाने घेतलं नसावं, असं एल्डन स्वतःला समजावत होता. अंधार पडेपर्यंत रोलीला फोन लागला नाही. शेवटी ॲबर्डीनच्या एका मजबूत माणसाच्या मदतीने पिंप पिकअपमध्ये चढलं.

घरासमोर गाडी थांबली, तेव्हा व्हर्ना गॅरेजच्या पायरीवर उभी होती. स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून तिने पिंपाकडे बघितलं, मग फळीकडे, मग नवऱ्याकडे.

"घरी घेऊन आलास," ती म्हणाली.

"हो."

"छान. आणि इथून पुढे?"

एल्डनने विचार केला. कचऱ्याची गाडी गुरुवारी. डेपो सोमवारी आठला. रोलीकडे मांजरं. मागच्या हौद्यात पर्ल पिंपाच्या बाजूला नाक खुपसून, डोळे मिटून इतक्या समाधानाने वास घेत होती की तिच्यापुरता तरी प्रश्न सुटला होता.

व्हर्ना आत गेली आणि गॅरेजचं दार तिने आतून लावून घेतलं.